देहाशी सलोखा

जुलैत पावसाने जोर धरला की पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ या तिन्ही खोऱ्यांत भाताची लावणी सुरू होते. चिखलणी झालेल्या खाचरात बाया सकाळपासून वाकलेल्या असतात. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताने दोन-चार काड्या चिखलात रोवायच्या आणि एक पाऊल मागे सरकायचं. संध्याकाळी कंबर धरलेली असते. पण ‘लावणी उरकू दे, मग बघू’ म्हणत दुखणं अंगावर काढलं जातं. तळेगावच्या कारखान्यात रात्रपाळीला उभा राहणारा कामगार हेच करतो. सकाळची लोकल पकडून लोणावळ्याहून पुण्याला नोकरीला जाणारी मुलगीही पाठदुखीची गोळी पर्समध्ये ठेवून हेच करते. ज्यांना कष्टाचं काम नाही, ते वजनकाट्यावर उभे राहून स्वतःच्याच पोटाला नावं ठेवतात. औताच्या बैलालाही पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी मिळते. आपल्या देहाच्या वाट्याला वर्षातून तेवढा एक दिवसही येत नाही.

शरीराशी असं वागायची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की त्यात काही चुकतंय असं वाटतच नाही. शरीर हुकूम ऐकायला आहे आणि हुकूम मोडला की रागवायचं, एवढंच नातं उरतं. हे नातं बदलता येतं, आणि बदलाची सुरुवात श्वासापासून करणं सगळ्यात सोपं असतं. गंमत म्हणजे श्वासाचा आणि योगक्रियांचा शास्त्रीय अंगाने पद्धतशीर पाठपुरावा झाला तो याच मावळात, लोणावळ्यात, शंभर वर्षांपूर्वी.

लोणावळ्याची प्रयोगशाळा

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेत डभोईला झाला. बडोद्याला जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रोफेसर माणिकराव यांच्या हाताखाली त्यांनी भारतीय व्यायामाचं शिक्षण घेतलं, पुढे खानदेशात अमळनेरला शिक्षणाचं काम केलं. १९१९ मध्ये नर्मदाकाठी मालसर इथे परमहंस माधवदासजी यांची भेट झाली आणि त्यांच्याकडून गुणे योग शिकले. हेच पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले गेले.

योग शिकलेले लोक त्या काळीही पुष्कळ होते. कुवलयानंदांचं वेगळेपण असं, की गुरूंनी दिलेला अनुभव त्यांनी श्रद्धेने घेतला आणि तो तपासूनही पाहिला. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या इस्पितळात त्यांनी उड्डियान (श्वास सोडून पोट आत ओढणं) आणि नौली या क्रियांचा क्ष-किरणांच्या साहाय्याने अभ्यास सुरू केला. १९२४ च्या ऑक्टोबरात त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम या योगसंस्थेची स्थापना केली. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघालं. त्यात प्रयोगांचे तपशील, क्ष-किरण छायाचित्रं आणि मोजमापं छापून येऊ लागली.

त्यातला एक प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. नौलीत पोटाचे मधले उभे स्नायू पुढे काढून बाकीचं पोट आत ओढलेलं असतं. जुन्या योग्यांना ही क्रिया करताना पाण्यात बसून गुदमार्गाने पाणी आत ओढून घेता येई, हीच बस्ती. पाणी वर चढतं कसं, याची नाना स्पष्टीकरणं दिली जात. कुवलयानंदांनी मोठ्या आतड्यातला दाब मोजणारी नळी लावून पाहिलं, तेव्हा नौलीच्या वेळी आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो असं आढळलं. आत अंशतः निर्वात पोकळी तयार होते आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने पाणी आपोआप वर ढकललं जातं. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचं नाव दिलं. प्रयोगाने एका चमत्काराचा उलगडा झाला, तरी त्या क्रियेबद्दलचा आदर तसूभरही कमी झाला नाही. शरीर काय करतं आहे ते आधी नीट पाहायचं, मग त्याविषयी मत बनवायचं, ही शिस्त या प्रयोगात दिसते. शरीराशी सलोखा करायचा तर नेमकी हीच शिस्त हवी.

१९२७ मध्ये खुद्द महात्मा गांधींनी प्रकृतीच्या तक्रारींसाठी कुवलयानंदांशी पत्रव्यवहार केला. गांधीजी आपल्या शरीराची बारीकसारीक लक्षणं लिहून कळवत आणि पुढे काय करावं ते विचारत. शरीराबद्दल लपवाछपवी नाही, लाज नाही आणि कुरकूरही नाही, असा तो संवाद होता.

जास्त प्राणवायू हवाच कशाला?

प्राणायाम केल्याने शरीराला भरपूर ऑक्सिजन मिळतो, असं आजही सर्रास सांगितलं जातं. कुवलयानंदांनी श्वसनातल्या ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडची मोजणी करून हा समज १९३० च्या दशकातच खोडून काढला. प्राणायामाचं मोल जादा ऑक्सिजनमध्ये नाही, असं त्यांचं स्पष्ट म्हणणं होतं. त्यांचा भर मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामावर होता.

कारण समजायला अवघड नाही. निरोगी माणूस शांत बसलेला असताना त्याच्या धमन्यांतल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ९५ टक्क्यांहून जास्त ऑक्सिजनने भरलेलंच असतं. जिथे भरायला जागाच जेमतेम, तिथे जोराने श्वास घेऊन भर पडणार ती कितीशी? उलट जोरजोरात श्वास घेत राहिलं तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड नको इतका कमी होतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं आणि बोटांना मुंग्या येतात. पुष्कळांना हेच ‘ऊर्जा आल्याचं’ लक्षण वाटतं. खरं तर शरीर त्या वेळी ‘पुरे’ म्हणत असतं.

श्वास घेण्याची घाई मुख्यतः कार्बन डायऑक्साइडमुळे होते. तो रक्तात वाढला की मेंदूच्या मुळाशी असलेली केंद्रं श्वास घ्यायला लावतात. कैवल्यधामच्या संशोधकांनी याच वायूंचा अभ्यास करण्यासाठी माणसांना हवाबंद खड्ड्यात बसवून निरीक्षणं केली. तो अभ्यास १९६८ मध्ये वैद्यकीय संशोधन नियतकालिकात छापून आला. श्वासोच्छ्वासाच्या प्रत्येक जुन्या दाव्याला असं मोजमापाच्या कसोटीवर घासून पाहायची ही परंपरा लोणावळ्याने जपली.

याच परंपरेतला आणखी एक निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मानसशास्त्र शिकलेले कोवूर बेहनान १९३० च्या दशकात लोणावळ्याला येऊन कुवलयानंदांकडे राहिले, प्राणायाम शिकले आणि स्वतःवर चाचण्या करून १९३७ मध्ये त्यांनी योगाच्या शास्त्रीय मूल्यमापनावर पुस्तक लिहिलं. प्राणायामानंतर लगेच बेरजांसारख्या बौद्धिक चाचण्या घेतल्या तेव्हा त्यांचा वेग मंदावलेला दिसला. पण दीर्घ काळात मन अधिक स्थिर आणि शांत झाल्याचंही त्यांनी नोंदवलं. म्हणजे श्वासाने माणूस ताबडतोब जास्त कामाचा होतो असं नाही. तो थोडा निवांत होतो. आजकाल ध्यान आणि प्राणायाम ‘कामाचा झपाटा वाढवा’ म्हणून विकले जातात, तेव्हा बेहनान यांची ही प्रामाणिक नोंद आठवावी. देहाकडून आणखी काम काढून घेण्यासाठी श्वासाकडे वळलो, तर ती दया नव्हे, तो नवा हुकूमच झाला.

श्वास सोडताना हृदय मंदावतं

हृदय, आतडी, घामाच्या ग्रंथी यांवर आपली थेट सत्ता चालत नाही. श्वास मात्र दोन्हीकडचा आहे. आपण लक्ष दिलं नाही तरी तो चालतो, आणि लक्ष दिलं तर काही प्रमाणात आपल्या मर्जीने चालतो. म्हणूनच आपोआप चालणाऱ्या कारभाराशी बोलण्याची ती एक वाट ठरते.

मनगटावरच्या नाडीवर तीन बोटं ठेवा आणि शांतपणे, पण खोल श्वास घ्या. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद पडतात आणि सोडताना मंदावतात. तरुण, निरोगी माणसात हे सहज जाणवतं. श्वास सोडताना व्हेगस या लांबलचक मज्जातंतूचा हृदयावरचा लगाम घट्ट होतो. हा तंतू मेंदूच्या मुळापासून निघून मान, छातीतून पोटापर्यंत जातो आणि विश्रांती, पचन, भरपाई या कामांशी जोडलेला आहे. म्हणून उच्छ्वास थोडा लांबवला की शरीराला ‘सध्या धोका नाही’ असा निरोप पोचतो.

मोठी माणसं विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतात. हा वेग मिनिटाला सहाच्या आसपास आणला, तर श्वासाची लय आणि रक्तदाब सावरणाऱ्या यंत्रणेची लय जुळून येतात. इटलीतले संशोधक लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं, की ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणताना आणि ‘ओम मणि पद्मे हुम’ हा मंत्र म्हणताना श्वासाचा वेग साधारण एवढाच होतो. आपल्याकडे संथ लयीत हरिपाठ म्हणणाऱ्या माणसालाही श्वास लांब सोडावाच लागतो. शब्द उच्छ्वासावरच उमटतात, त्यामुळे म्हणता म्हणता उच्छ्वास लांबतो. भ्रामरी प्राणायामात गुणगुणताना तर आणखी एक गोष्ट घडते: नाकाच्या आजूबाजूच्या पोकळ्यांतला नायट्रिक ऑक्साइड हा वायू नाकात कितीतरी पटींनी जास्त येतो, असं स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये मोजलं.

आतली खबर

नाडीला हात न लावता, डोळे मिटून, अर्ध्या मिनिटात हृदय किती वेळा धडधडलं ते मोजून पाहा आणि मग कुणाला तरी नाडी धरायला सांगून ताळा करा. पुष्कळांचा अंदाज चुकतो. शरीराच्या आतून येणारी खबर ओळखण्याची ही क्षमता सगळ्यांत सारखी नसते. भूक, तहान, लघवीची घाई, दम, थकवा, छातीतली धडधड, पोटातला गोळा, हे सगळे संदेश मेंदूच्या एका खोल घडीत, इन्सुलामध्ये, एकत्र येतात. त्यातूनच ‘बरं वाटतंय’ किंवा ‘काहीतरी बिनसलंय’ ही भावना तयार होते.

वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढणारा माणूस ही खबर ऐकायचं बंद करतो. आणि आपण ऐकत नाही म्हणून शरीर बोलायचं थांबत नाही. ते आवाज चढवतं. आधी खांदे जड होतात, मग झोप उडते, मग आम्लपित्त, मग कंबर आखडते. तोवर आपलं म्हणणं एकच असतं: ‘हे शरीर ऐनवेळी दगा देतं.’ दगा शरीराचा नसतो. त्याने आधी अनेकदा सांगून पाहिलेलं असतं.

श्वासाकडे लक्ष देण्याचा खरा लाभ इथे आहे. श्वास सतत चालू असतो, त्यात बदलही सतत होत असतो, आणि तो कुठेही, कुणाच्याही परवानगीशिवाय पाहता येतो. तो पाहायची सवय लागली की हळूहळू बाकीच्या खबरीही कळू लागतात.

मावळाला ही विद्या नवी नाही. कार्ले, भाजे आणि बेडसे इथल्या कातळात दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्खूंसाठी विहार कोरले गेले. भाज्याची लेणी तर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. बौद्ध परंपरेत आनापानसती, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाचं भान ठेवणं, ही मूलभूत साधना आहे. तिच्यात श्वास लांब असेल तर लांब म्हणून जाणायचा आणि आखूड असेल तर आखूड म्हणून. त्याला बदलायला जायचं नाही. हाच धागा विसाव्या शतकात जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेतल्या इस्पितळात नेला. १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात त्यांनी जुनाट दुखण्यांनी बेजार झालेल्या रुग्णांना झोपवून पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका भागाकडे शांतपणे लक्ष न्यायला शिकवलं. या रुग्णांना ‘दुखणं नाहीसं करू’ असं आश्वासन दिलेलं नव्हतं. दुखण्याशी चाललेली रोजची झटापट कमी करायची, एवढाच हेतू होता.

करून पाहायचं तर

कैवल्यधामच्या परंपरेत आसनं ताणून, धापा टाकत करत नाहीत. पतंजलींनीही आसनाची कसोटी म्हणून स्थैर्य आणि सुख यांनाच पुढे केलं आहे. अभ्यासही तसाच सुखाचा हवा.

जाड सतरंजीवर उताणे झोपा. कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली उशी किंवा गुंडाळलेली गोधडी घ्या. पाय थोडे फाकलेले, तळहात वर, हनुवटी जराशी छातीकडे. आधी काहीच करू नका. जमिनीला शरीर कुठे कुठे टेकलंय ते पाहा: टाचा, पोटऱ्या, नितंब, खांदे, डोक्याची मागची बाजू. कंबरेखाली किती जागा मोकळी आहे? डावा खांदा आणि उजवा खांदा सारखेच टेकलेत का? उत्तर बरोबर यायला हवं असं काही नाही. विचारपूस करतो आहोत, परीक्षा घेत नाही.

मग पोटाकडे या. छातीच्या खालच्या बाजूला श्वासपटल हा घुमटासारखा स्नायू आहे. तो खाली आला की फुप्फुसं भरतात आणि पोट थोडं वर येतं. एक हात बेंबीवर ठेवा. हाताला होणारी ही हालचाल कळली की पुरे. पोट मुद्दाम फुगवायचं नाही.

त्यानंतर नाकपुड्यांच्या कडेला लक्ष न्या. आत येणारी हवा गार लागते, बाहेर जाणारी ऊबदार. एका नाकपुडीतून हवा जास्त मोकळी येते, आणि काही तासांनी ही बाजू बदलते. हवेच्या या स्पर्शावर लक्ष ठेवून राहण्याला योगात प्राणधारणा म्हणतात. मन घरच्या हिशोबात, उद्याच्या कामात गेलं तर ते जाणारच. गेल्याचं लक्षात आलं की न रागावता परत नाकपुडीशी यायचं. मायेचा सराव होतो तो याच क्षणी: चूक झाली, आणि आपण स्वतःला रागावलो नाही.

सुरुवातीला पाच मिनिटं भरपूर झाली. उठताना कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठा.

हीच नजर कामाच्या वेळीही ठेवता येते. हंडा, पोतं किंवा सरपणाची मोळी उचलताना आपण नकळत श्वास रोखतो. त्याने रक्तदाब एकदम चढतो. गुडघ्यांत वाकून, उचलताना श्वास सोडला तर तो ताण कमी होतो. लावणीत एक ओळ संपली की कंबरेवर हात ठेवून सरळ उभं राहायचं आणि दोन-तीन लांब श्वास सोडायचे. याने काम मागे पडत नाही. लोकलमध्ये दाराशी उभं असताना जबडा आवळला आहे का, खांदे कानाशी आले आहेत का, एवढं जरी पाहिलं तरी ते आपोआप खाली येतात.

दुखऱ्या भागाशी वागतानाही क्रम हाच. आधी ‘कुठे दुखतंय, कसं दुखतंय, कशाने वाढतंय’ हे ऐका. ठणका आहे की ओढ आहे? श्वास घेताना वाढतो की सोडताना सैल पडतो? हे कळलं तर डॉक्टरांनाही नेमकं सांगता येतं, आणि वेळेवर सांगितलं जातं. देहावरची माया म्हणजे उपचार टाळणं नव्हे. ज्याच्यावर माया असते त्याला आपण वेळेत दवाखान्यात नेतो.

काही सावधगिरी मात्र हवीच. उच्च रक्तदाब, हृदयविकार, गरोदरपण, पोटाची ताजी शस्त्रक्रिया, अपस्मार यांत श्वास रोखणं, कपालभाती, भस्त्रिका आणि उड्डियान जाणत्या व्यक्तीच्या सल्ल्याशिवाय करू नये. मावळातल्या दमट पावसाळ्यात दम्याचे रुग्ण बेजार होतात. कैवल्यधामने १९६० च्या दशकापासून दम्यावर योगोपचार करून त्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. तरी डॉक्टरांनी दिलेला इनहेलर योगाच्या भरवशावर बंद करू नये. आणि काही जणांना, विशेषतः मोठा आघात किंवा घबराट सोसलेल्यांना, श्वासाकडे लक्ष दिलं की उलट जीव घाबरा होतो. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, पावलांचा जमिनीशी होणारा स्पर्श किंवा बाहेरचा पावसाचा आवाज यांवर लक्ष ठेवावं. शरीराने ‘आत्ता नको’ म्हटलं तर ते मानणं हाच त्या दिवसाचा अभ्यास.

शाळेतली पाच मिनिटं

कुवलयानंद १८ एप्रिल १९६६ रोजी गेले. त्यांच्या कामातला एक भाग फार मागे पडला आहे. ते केवळ आश्रमात रमले नाहीत. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या धोरणात त्यांनी भाग घेतला, शिक्षक घडवण्यासाठी १९५० च्या सुमारास लोणावळ्यात महाविद्यालय काढलं. योग शाळेत गेला पाहिजे ही त्यांची तळमळ होती. आज शाळांत योगदिन साजरा होतो, मैदानावर मुलं रांगेत आसनं करतात, फोटो निघतात. पण मुलांना स्वतःच्या शरीराची विचारपूस करायला कुणी शिकवत नाही. उलट ‘रडू नकोस’, ‘काही होत नाही’, ‘किती जाडी झालीस’ हीच वाक्यं त्यांच्या कानावर पडतात, आणि शरीराशी फटकून वागायचं तिथूनच ठरतं.

मावळातल्या एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेने खेळाच्या तासातली शेवटची पाच मिनिटं मुलांना उताणं झोपू द्यावं. पोटावर हात, डोळे मिटलेले, आणि बाईंचे एक-दोनच प्रश्न: श्वास कुठे कळतोय? कुठे दुखतंय का? याला खर्च नाही, साहित्य नाही, वेगळा शिक्षकही लागत नाही. शरीर काय सांगतंय ते ऐकण्याची सवय दहाव्या वर्षी लागली, तर चाळिसाव्या वर्षी तोच माणूस दुखणं अंगावर काढणार नाही, दुसऱ्याच्या थकव्याची टिंगल करणार नाही आणि घरातल्या कष्टणाऱ्या बाईला ‘जरा बस’ असं आपणहून म्हणेल. स्वतःच्या देहाशी सलोखा झालेल्या माणसालाच दुसऱ्याच्या देहाची कदर कळते. ही सुरुवात ज्या तालुक्यात योगाची प्रयोगशाळा शंभर वर्षं उभी आहे, त्या मावळानेच करावी.